स्वर्गाची आशा हा स्वार्थ आहे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार गोड शब्द बोलावेत, मंडळाच्या कार्याचे कौतुक करावे आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषयच असा दिला आहे की, नुसत्या गोड शब्दांनी तो सुटणार नाही. आपल्या वाचनवर्गात काही दिवस एक वाद चालू आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींचे म्हणणे असे की, देवाधर्माच्या नावाने जे जे चांगले केले जाते त्याच्या मुळाशी शेवटी स्वार्थच असतो. कोणी उपास करते, कोणी अन्नदान करते, कोणी पाणपोई घालते. विचारले तर सांगते, 'पुण्य लागते.' म्हणजे इथे एक रुपया ठेवायचा आणि तिथे दहा उचलायचे. ही तर पेढीवरची ठेव झाली! मग जिचा देवावर विश्वास नाही, स्वर्गावर नाही, आणि तरीही जी शेजारणीच्या दुखण्यात रात्रभर उशाशी बसते, ती या सर्वांहून थोर नव्हे काय?

प्रश्न चांगला आहे. पण त्या वादात आणखी एक वाक्य बोलले गेले. कोणीसे म्हणाले, 'आपल्याकडे निदान निष्काम कर्म तरी सांगितले आहे. मुसलमानांचे सगळे जन्नतच्या लोभाने चालते.' हे बोलणे झाले तेव्हा आपल्या शिवणवर्गातल्या दोन मुसलमान भगिनी तिथेच बसलेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरचा चांगुलपणा एका वाक्यात लोभाच्या खाती मांडणे ही लहान गोष्ट नव्हे. शेजारीण ईदेला शिरखुर्म्याची वाटी पाठवते ती स्वर्गासाठी, आणि आपण दिवाळीला फराळाचे ताट पाठवतो ते प्रेमापोटी, असे जर आपण मनात धरले, तर शेजार कसला राहिला? म्हणून हा प्रश्न नीट तपासला पाहिजे. आपल्या घरातही आणि त्यांच्या घरातही.

प्रथम आरोप पुरता समजून घेऊ. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली नीतिशास्त्रावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका दुकानदाराचे उदाहरण आहे. हा दुकानदार अजाण मुलालाही मोठ्यांच्याच भावाने माल देतो, कोणाला फसवत नाही. पण का? गिऱ्हाईक टिकावे म्हणून. कांटचे म्हणणे असे की, त्याचे वागणे कर्तव्याला धरून असले तरी कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही. म्हणून त्याला नैतिक मोल देता येत नाही. आता स्वर्गासाठी दान करणारी बाई या दुकानदारासारखीच नव्हे काय? माप चोख, पण डोळा गल्ल्याकडे! आणि उद्या कोणी तिला पटवून दिले की स्वर्ग नाही, तर तिचे दान त्याच दिवशी बंद होणार नाही काय? आरोप हा असा आहे, आणि त्यात जोर आहे हे मान्य केले पाहिजे.

पण यात एक शब्द फार सैल वापरला जातो, तो म्हणजे स्वार्थ. आपले भले व्हावे असे वाटणे आणि स्वार्थी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भूक लागली म्हणून जेवणे हा स्वार्थ नव्हे. दुसऱ्याच्या पुढचे ताट ओढून जेवणे हा स्वार्थ. जिथे माझ्या भल्यासाठी दुसऱ्याचे नुकसान होते, किंवा दुसऱ्याचे सुखदुःख माझ्या डोळ्यांपुढून नाहीसेच होते, तिथे स्वार्थ सुरू होतो. जोसेफ बटलर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत हे फार चांगले उलगडले आहे. त्याचा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. मूल पोटभर जेवले की आईला समाधान वाटते. म्हणून कोणी म्हणेल की, आई समाधानासाठीच भरवते, म्हणजे तीही स्वार्थीच. पण समाधान आले कुठून? मुलाने जेवावे ही ओढ आधी होती म्हणून! ती ओढच नसती, तर मूल जेवले काय आणि न जेवले काय, तिला सारखेच वाटले असते. समाधान हे प्रेमाच्या मागून येते. ते प्रेमाला खोटे ठरवीत नाही.

हेच स्वर्गालाही लावून पाहावे. स्वर्ग म्हणजे काय, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ज्याला गाण्याचा कंटाळा आहे त्याला अखंड मैफलीचे बक्षीस देऊ केले, तर ते त्याला शिक्षेसारखे वाटेल. ईश्वर दयाळू आहे आणि त्याच्याजवळ जाणे हेच शेवटचे सुख आहे, असे जो धर्म सांगतो, त्या धर्मातले ते सुख हवेसे वाटायला आधी दयेची गोडी लागावी लागते. मग ती इच्छा आणि स्वार्थ यांचे फारसे जमत नाही.

आता इस्लामकडे वळू. कुराणात जन्नतची वर्णने आहेत. बागा आहेत, वाहत्या नद्या आहेत, फळे आहेत, रेशमी वस्त्रे आहेत. नरकाच्या आगीचीही वर्णने आहेत. हे झाकण्याचे कारण नाही. मक्का हे व्यापाऱ्यांचे शहर होते. तिथल्या लोकांशी बोलताना तराजू, कर्ज, नफा, सौदा असे शब्द आले तर नवल नाही. ईश्वराला उत्तम कर्ज द्या, तो ते अनेक पटींनी फेडील, अशी भाषा कुराणात आहे. तेव्हा इस्लाममध्ये फळाची आशा नाही, असे म्हणणे खोटे होईल. आशा आहे, आणि ती उघड आहे.

पण तेवढेच पाहून पुस्तक मिटणे म्हणजे पहिल्या पानावरून गोष्ट सांगण्यासारखे आहे. कुराणाच्या ७६व्या सुरेत सज्जनांचे वर्णन येते. स्वतःला हवे असलेले अन्न ते गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला देतात, आणि त्यांची भावना अशी असते की, आम्ही हे ईश्वराच्या प्रीत्यर्थ देत आहो, तुमच्याकडून परतफेड नको आणि आभारही नकोत. कैदी हा शब्द ध्यानात घ्या. कैदी काय परत देणार? त्याच सुरेत पुढे या सज्जनांना निवाड्याच्या दिवसाचे भय वाटते असे म्हटले आहे, आणि त्यांना बागा व रेशीम मिळेल असेही म्हटले आहे. म्हणजे भय आहे, फळ आहे, आणि तरीही जेवणाऱ्याकडून काही नको, हेही आहे. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी नांदतात.

मला यात व्यवहाराची एक मोठी खूण दिसते. आपण कोणाला मदत करतो आणि मनात फेड धरून ठेवतो. ती फेड पैशांचीच असते असे नाही. तिने ओशाळे राहावे, आपला शब्द खाली पडू देऊ नये, चारचौघींत आपले नाव घ्यावे, एवढे तरी आपल्याला हवे असते. ज्या बाईने आपली फेड ईश्वरावर सोपवली तिने त्या घेणाऱ्या गरिबाला या देण्यातून मोकळे केले. हिशेब राहिला, पण तो गरिबाच्या दारावरून उठून दुसरीकडे गेला. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद कुराणाच्या दुसऱ्या सुरेत आहेच. उघड दिले तर चांगले, पण गुपचूप गरिबाच्या हाती दिले तर अधिक चांगले, असेही तिथेच सांगितले आहे. या स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी छापलेली आहे. तिच्यात आपले नाव पाहून कोणी संकोच करू नये. पण आपले नाव दुसरीच्या खाली का आले, असे जर कोणाला वाटले, तर तिने तेवढे वाक्य पुन्हा वाचावे!

आणि सगळ्याच देण्याला दान म्हणता येत नाही. ठराविक मर्यादेवरची जी संपत्ती वर्षभर शिल्लक राहते तिचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून द्यावा लागतो. श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे, अशी कुराणाची भूमिका आहे. हक्क दिला म्हणून कोणी उपकारकर्ता होत नाही.

तीन गोष्टी अशा आहेत की, ज्यांनी इस्लाममधल्या फळाच्या आशेला जणू कुंपण घातले आहे. पहिली गोष्ट नियतीची, म्हणजे हेतूची. इमाम बुखारी यांचा मृत्यू ८७० सालचा. त्यांच्या प्रसिद्ध हदीससंग्रहाचा आरंभच, कर्माचे मोल हेतूवर ठरते, या अर्थाच्या वचनाने होतो. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात तर अंगावर काटा आणणारी एक हदीस आहे. निवाड्याच्या दिवशी प्रथम तिघांना उभे केले जाते: लढाईत पडलेला वीर, विद्या शिकवणारा पंडित आणि मोठा दाता. तिघेही आपापली कृत्ये सांगतात. तिघांनाही उत्तर मिळते की, लोकांनी तुला शूर म्हणावे, विद्वान म्हणावे, उदार म्हणावे म्हणून तू हे केलेस, आणि लोक तसे म्हणालेही. तिघांचीही रवानगी आगीत होते. भगिनींनो, आपल्यासारख्या सभासमारंभ करणाऱ्यांनी ही गोष्ट वर्षातून एकदा तरी ऐकावी.

दुसरी गोष्ट दिवाळखोराची. तीही इमाम मुस्लिम यांच्याच संग्रहात आहे. पैगंबरांनी सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ ना पैसा, ना चीजवस्तू. पैगंबरांनी सांगितले की, खरा दिवाळखोर निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांची मोठी पुंजी घेऊन येतो. पण त्याने कोणाला शिव्या दिलेल्या असतात, कोणावर आळ घेतलेला असतो, कोणाचे धन खाल्लेले असते, कोणाला मारलेले असते. मग त्याची सत्कृत्ये त्या सर्वांना वाटून दिली जातात. ती संपली आणि देणे उरले, तर त्यांची पापे त्याच्या माथी येतात. पाहा, हा हिशेबच आहे. पण कसला हिशेब? त्यात देवपूजेची पुंजी दुखावलेल्या माणसापुढे टिकत नाही. या हिशेबात स्वर्ग हवा असेल तर शेजाऱ्याला ओलांडून जाण्याची वाटच नाही. माणसांचे हक्क ईश्वराच्या हक्कांहून वेगळे धरावेत, आणि माणसाचा अपराध त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा, हे मुसलमान धर्मशास्त्री परंपरेने सांगत आले आहेत.

तिसरी गोष्ट अशी की, जन्नत विकत मिळत नाही. केवळ स्वतःच्या कर्मांच्या जोरावर कोणी आत जाणार नाही, स्वतः पैगंबरसुद्धा ईश्वराच्या कृपेनेच जातील, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोघांच्याही संग्रहांत आहे. जिथे मालाला किंमतच पुरी पडत नाही, तिथे सौदा हा शब्द शेवटी गळून पडतो.

आणि तरीही, केवळ आशेने किंवा भयाने केलेली भक्ती ही वरची पायरी नव्हे, हे इस्लाममध्ये कोणी सांगितले असेल, तर ते प्रथम एका बाईच्या तोंडून ऐकू येते. आठव्या शतकात बसरा शहरात राबिया नावाची संत स्त्री होऊन गेली. तिच्या मृत्यूचे साल परंपरेने ८०१ धरतात. तिच्या कथा पुष्कळ नंतर लिहिल्या गेल्या, तेव्हा त्यांतली प्रत्येक गोष्ट घडलीच असे समजू नये. पण लोकांनी तिला कशासाठी लक्षात ठेवले, ते त्यांतून कळते. एक कथा अशी की, ती एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाली. कोणी विचारले, कुठे? ती म्हणाली की, स्वर्गाला आग लावते आणि नरक विझवते. म्हणजे मग लोक लोभाने वा भयाने नव्हे, तर ईश्वरावरच्या प्रेमानेच त्याला भजतील. ही कथा पुढे ख्रिस्ती लोकांतही गेली. फ्रान्सचा राजा नववा लुई तेराव्या शतकात धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे गेला होता. त्याचा सोबती ज्वाँव्हील याने १३०९ साली पुऱ्या केलेल्या चरित्रात राजाच्या एका दूताची हकीकत दिली आहे. त्या दूताला दमास्कसच्या रस्त्यात विस्तव आणि पाणी घेतलेली एक म्हातारी भेटली, आणि तिने हेच सांगितले, असे तो लिहितो. ज्या मुसलमानांशी लढाई करायची, त्यांच्याच घरची ही शिकवण आपल्या राजाच्या चरित्रात लिहून ठेवावी असे त्याला वाटले, हे विशेष.

राबियाला आपण संत म्हणून बाजूला ठेवू, म्हणजे जबाबदारी टळेल. पण इमाम गझाली हे तर धर्मशास्त्राचे पंडित. जन्म १०५८चा, मृत्यू ११११चा. बगदादच्या निजामिया विद्यालयात ते मोठ्या मानाच्या जागेवर शिकवीत होते. स्वतःच्या मनाची झडती घेताना त्यांना दिसले की, आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, मानमरातबासाठी. १०९५ साली ती जागा सोडून ते निघून गेले. 'इह्या उलूम अल्-दीन' या त्यांच्या मोठ्या ग्रंथात ते म्हणतात की, जन्नतच्या सुखांसाठी जो राबतो तो मजुरीवर डोळा ठेवणाऱ्या वाईट गड्यासारखा आहे. त्याचा दर्जा भोळ्यांचा. पण त्या भोळ्यालाही त्याची जन्नत मिळते, हेही ते सांगतात. त्याला ते हाकलून देत नाहीत. खालची पायरी तोडून टाकावी असे त्यांनी म्हटले नाही. ती खालची आहे एवढेच ओळखायला सांगितले. मला यात शहाणपण वाटते. लहान मुलाला आपण खाऊच्या आशेने शाळेत पाठवतो. पुढे त्याला पुस्तकाची गोडी लागते. पहिल्या दिवशीच्या खाऊवरून त्याच्या सगळ्या शिक्षणाला लोभी म्हणता येईल काय? मात्र विसाव्या वर्षीही तो खाऊसाठीच जात असेल, तर काही बिघडले आहे हे खास.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडेही स्वर्गाची इच्छा असणाऱ्यासाठी यज्ञ सांगितलेले आहेतच. व्रतांच्या कहाण्यांत तर फळ सांगितल्याशिवाय कहाणी पुरी होत नाही. तेव्हा लोभ त्यांचा आणि निष्कामता आपली, अशी वाटणी करता येत नाही. आशा दोन्हीकडे आहे आणि तिच्यावरचा उपायही दोन्हीकडे आहे. पुण्य सरले की स्वर्गातून परत यावे लागते, हे गीतेने बजावले आहे. वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा संवाद आहे. द्रौपदी विचारते ते आपणच विचारावे असे आहे: तुम्ही इतके धर्माने वागता, मग वनवास आपल्या वाट्याला आणि राज्य दुर्योधनाला, हे कसे? युधिष्ठिर सांगतो की, द्यावयाचे म्हणून मी देतो, करावयाचे म्हणून यज्ञ करतो, फळासाठी नव्हे. धर्माचा व्यापार करणाऱ्याला तो हीन म्हणतो. पण धर्म निष्फळ आहे असेही तो म्हणत नाही. तसे असते तर जग अंधारात बुडाले असते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे फळ आहे, पण ते दोहून काढण्यासाठी धर्म नाही.

आणि मग शेवटी त्याची परीक्षा येते. इंद्र रथ घेऊन आलेला आहे, स्वर्गाचे दार उघडे आहे, आणि अट एवढीच की, सोबत चालत आलेले कुत्रे मागे सोडायचे. युधिष्ठिर रथात चढत नाही. पुढे स्वर्गात दुर्योधन दिसतो आणि आपले भाऊ नरकात दिसतात, तेव्हाही तो म्हणतो की, माझ्या असण्याने यांना बरे वाटते ना, मग मी इथेच राहतो. बुखारींच्या संग्रहातही एक तहानलेले कुत्रे आहे. समाजाने पतित ठरवलेली एक बाई विहिरीजवळ ते पाहते, पायातला चामडी मोजा काढून ओढणीला बांधते आणि पाणी काढून त्याला पाजते. तेवढ्याने ईश्वर तिचे सारे अपराध माफ करतो. पाणी काढताना ती स्वर्गाचा विचार करीत होती, असे गोष्टीत कुठे म्हटलेले नाही. तिला कुत्र्याची तहान दिसली. एक राजा, एक पतिता. दोघांनीही समोरच्या मुक्या जिवाकडे पाहिले आणि स्वर्ग आपण होऊन मागून आला. दोन दूरच्या प्रदेशांतल्या लोकांनी आपापल्या मुलाबाळांना सांगण्यासाठी ही एकच गोष्ट जपली आहे.

मग आरोपात काहीच तथ्य नाही काय? आहे, आणि ते आपण खाली पडू देऊ नये. स्वर्गाची आशा जेव्हा समोरच्या माणसाला झाकून टाकते, तेव्हा ती स्वार्थाहूनही वाईट होते. शिळे अन्न भिकाऱ्याच्या पदरात टाकून पुण्य नोंदवणारी बाई माणसाला पायरी करते. १०९५ साली पोप दुसरा अर्बन याने धर्मयुद्धाला निघणाऱ्यांना प्रायश्चित्तातून सूट देऊ केली. १०९९ साली जेरूसलेममध्ये केवढी कत्तल झाली, ते इतिहासात आहे. स्वर्गाच्या नावाने माणसे मारणारे सर्वच धर्मांत निघाले आणि आजही निघतात. त्यांना सुनवायला बाहेरचा नीतिशास्त्री आणण्याची गरज नाही. मुसलमानाला त्या दिवाळखोराची हदीस पुरे आहे, आणि हिंदूला रथात न चढलेला युधिष्ठिर पुरे आहे.

दुसरे तथ्य आपल्या बायकांच्या बाबतीत आहे, आणि ते मी विशेष सांगते. स्वर्गाचे आश्वासन बाईला फार वेळा मजुरीच्या जागी दिले गेले आहे. सोस, तुला पुण्य लागेल. सासूसासऱ्यांची सेवा कर, वर सगळे मिळेल. आणि तिने काही मागितले की लगेच निष्काम कर्माचे प्रवचन! माझे म्हणणे असे की, निष्कामता ही ज्याची त्याने स्वतःला लावून घ्यायची गोष्ट आहे. दुसऱ्याला लावण्याचे ते बंधन नव्हे. रात्री दहा वाजता भांडी घासणाऱ्या सुनेला जो निष्काम कर्म समजावू पाहतो, त्याने आधी आपले ताट उचलून मोरीत नेऊन ठेवावे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी प्रसिद्ध हदीस आहे. मजुरी इथली आणि पुण्य तिथले. एकाच्या बदल्यात दुसरे दाखवणे हा स्वर्गाचा अपमान आहे. ज्यांना या जन्मात न्याय मिळाला नाही, त्यांच्या मनात 'कुठेतरी हिशेब होईल' ही जी आशा असते तिला मी स्वार्थ म्हणणार नाही. ती न्यायाची भूक आहे. कांटनेसुद्धा १७८८ सालच्या आपल्या ग्रंथात मान्य केले आहे की, सद्गुण आणि सुख यांचा शेवटी कुठे तरी मेळ पडावा, ही अपेक्षा नीतीच्या पोटातच आहे. त्याची अट एवढीच की, त्या अपेक्षेला कर्तव्याचे कारण करू नये.

आणि स्वर्ग न मानणाऱ्या त्या बाईविषयी काय म्हणावे? तिला नमस्कार करावा. तिच्या चांगुलपणाला कमी लेखण्याचे कोणत्याही धर्माला कारण नाही. पण तिनेही एवढे ध्यानात ठेवावे की, स्वर्ग गेला म्हणून हिशेब जात नाही. नावलौकिक, आत्मसंतोष, 'मी इतरांसारखी नाही' हा अभिमान, हीही फळेच आहेत; आणि ती इथल्या इथे, रोखीने मिळतात.

तात्पर्य, फळाची आशा आहे एवढ्यावरून कोणाच्या धर्माला स्वार्थी ठरवता येत नाही. पाहायचे ते असे की, त्या आशेने समोरचा माणूस अधिक स्पष्ट दिसतो की दिसेनासा होतो. बगदादचा खलिफा हारून अल्-रशीद याची राणी जुबेदा हिने मक्केच्या यात्रेच्या वाटेवर विहिरी आणि टाकी बांधवली, मक्केला पाणी आणवले. आपल्या अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. दोघींच्याही मनात पुण्याची आशा असेलच. पण पाणी त्या आशेने अडवले नाही, ते वाटसरूपर्यंत पोचले.

आपल्या मंडळाचे नवे वर्ष सुरू होत आहे. शिवणवर्ग आहे, पाणपोई आहे, आजारी भगिनींकडे जाण्याचे काम आहे. प्रत्येकीने आपले पुण्य आपल्या श्रद्धेप्रमाणे जरूर धरावे, कोणी सवाब म्हणावा, कोणी काही म्हणू नये. फक्त तीन प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारावेत. मी दिले तेव्हा घेणारीची मान खाली गेली काय? कोणी पाहत नसते तर मी हे केले असते काय? आणि माझे पुण्य एका बाजूला व समोरची बाई दुसऱ्या बाजूला अशी वेळ आली, तर मी कोणाकडे वळेन? हे प्रश्न आपल्याला आपल्याविषयीच विचारता येतात, शेजारणीविषयी नव्हे. तिच्या मनातली नियत ओळखण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही. आपल्याकडे आहे तो पाणपोईचा रांजण. तो रोज सकाळी घासून, गाळलेल्या पाण्याने भरला जावा, एवढे आपण पाहू.